आनंदीबाईंचा अर्ज

तुम्ही शाळेत कधी ना कधी अर्ज लिहिला असेल. रजेसाठी, फी माफीसाठी, नाहीतर दाखला मिळावा म्हणून. अर्ज हा शब्द मराठीत फारसीतून आला. तुमच्या उर्दूतही तोच शब्द आहे, म्हणून त्याचा अर्थ तुम्हांला समजावून सांगायला नको. आज आपण अशाच एका अर्जाची आणि तो लिहिणाऱ्या मुलीची हकीकत वाचणार आहोत.

हा अर्ज २८ जून १८८३ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावी लिहिला गेला. लिहिणारी मुलगी अवघी अठरा वर्षांची होती. ती मॅट्रिक झालेली नव्हती. घर सोडून, समुद्र ओलांडून ती परक्या मुलुखात आली होती. तिला डॉक्टर व्हायचे होते, आणि तिचा अर्ज फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाणार होता. तो नामंजूर झाला असता तर तिला हात हलवत परत यावे लागले असते. या मुलीचे नाव आनंदीबाई जोशी.

आपल्या सोलापुरात भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, ते डॉक्टर होऊन. आनंदीबाई त्यांच्या पंचावन्न वर्षे आधी परदेशी गेल्या, त्या डॉक्टर होण्यासाठी. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण मला एकाची आठवण झाली की दुसऱ्याची होतेच.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. नऊ वर्षांची असताना तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांची पहिली पत्नी वारलेली होती, आणि ते यमुनेपेक्षा वीसएक वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव मोठे विलक्षण गृहस्थ. त्या काळी बायको शिकते म्हटले की शेजारीपाजारी नाके मुरडत. गोपाळराव बायको शिकत नाही म्हणून रागावत. त्यांचा राग साधा नव्हता. शिकवताना ते फार कठोर होत, हातही उगारत. या कठोरपणाचे दुःख आनंदीबाईंनी पुढे आपल्या पत्रांतून व्यक्त केले आहे. गोपाळरावांमुळे त्या शिकल्या हे खरे, आणि त्यांच्या हातून त्यांनी सोसले हेही खरे. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवायला हव्यात.

गोपाळरावांची बदली होई तसे बिऱ्हाड हले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर. आनंदीबाईंची शाळा बहुतेक घरातच भरली. मराठी, संस्कृत, इंग्रजी त्या शिकल्या. बंगालमध्ये गेल्यावर बंगालीही शिकल्या. पुस्तके हाती घेऊन रस्त्याने चालणारी परकरी पोरसवदा बायको पाहून लोक थांबत, हसत, काहीबाही बोलत. त्या खाली मान घालून पुढे जात.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. वेळेवर योग्य इलाज मिळाला असता तर बाळ वाचले असते, हे त्यांच्या मनात घर करून राहिले. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. हिंदू घर असो की मुसलमान घर, माजघरातली किंवा पडद्यातली बाई दुखणे अंगावर काढी आणि पुष्कळदा त्यातच जाई. बाईला तपासायला बाईच डॉक्टर हवी, आणि ती आपणच का होऊ नये, असा विचार आनंदीबाईंच्या मनात रुजला.

पण शिकायचे कुठे? आज सोलापुरातच डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९६३ साली सुरू झाले आणि तेथे मुली मुलांच्या बरोबरीने शिकतात. आनंदीबाईंच्या वेळी मद्रासला १८७५ पासून स्त्रियांना वैद्यकाचे वर्ग खुले झाले होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजची दारे मात्र त्या तेथे राहत असताना बंद होती. पुरुष शिक्षकांनी शिकवायचे, पुरुष विद्यार्थ्यांनी पाहत राहायचे, अशा वर्गात एकट्या बाईचा निभाव लागणे अवघड होते. म्हणून नजर परदेशाकडे वळली.

परदेशाची पहिली खटपट मात्र फसली होती. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत सोय होईल का आणि आपल्याला तेथे काही काम मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डर एकेकाळी कोल्हापुरात राहिले होते आणि आता अमेरिकेत एक मासिक चालवत होते. त्यांच्या उत्तराचा रोख ख्रिस्ती होण्याकडे होता. जोशी पतिपत्नींना धर्म सोडायचा नव्हता. विषय तेथेच संपला.

संपला असे त्यांना वाटले. वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ घालवायला त्यांनी समोरचा अंक उचलला आणि त्यात हा मजकूर वाचला. हिंदुस्थानातल्या एका लहान मुलीला शिकायचे आहे, हे वाचून त्यांना राहवले नाही. १८८० साली त्यांनी आनंदीबाईंना स्वतःहून पत्र पाठवले. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते. तरी पत्रे जात राहिली, येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप, धाप असे त्रास होते. मावशींनी अमेरिकेहून औषधेसुद्धा पाठवली. पुढे परक्या देशात उतरल्यावर राहायचे कोणाकडे, हा प्रश्न या पत्रांनीच सोडवला.

कलकत्त्याकडील थॉर्बर्न नावाच्या एका डॉक्टर दांपत्याने आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाचे नाव सुचवले. हे महाविद्यालय १८५० साली केवळ स्त्रियांसाठी निघाले होते. जगातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी ते एक.

आता गाव बोलू लागले. ब्राह्मणाची बाई समुद्र ओलांडणार, तीही नवऱ्याशिवाय एकटी, म्हणजे धर्म बुडवणार, असे लोक म्हणू लागले. आनंदीबाईंनी एकेकाला उत्तर देत बसण्याऐवजी सर्वांना एकदम उत्तर दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. मी का जाते, येथेच का शिकत नाही, एकटीच का जाते, असे प्रश्न त्यांनी स्वतःच घेतले आणि एकेकाचा खुलासा केला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. भाषणाची बातमी देशभर पोहोचली आणि कुठून कुठून मदतीचे पैसे येऊ लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती. गोपाळराव मागे राहिले. प्रवासाला सुमारे दोन महिने लागले. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटर मावशी त्यांना घ्यायला आल्या होत्या.

आणि मग तो अर्ज. मुलांनो, या अर्जाकडे जरा थांबून पाहा. आपण अर्ज लिहितो तेव्हा आपले उणे झाकतो आणि अधिक ते फुगवून सांगतो. आनंदीबाईंनी असे काही केले नाही. आपण काय शिकलो ते त्यांनी साधेपणाने लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होत नसतील, हे स्वतःहून कबूल केले. मग आपल्या बाजूने त्यांनी एकच गोष्ट मांडली, ती म्हणजे निश्चय. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी तुमच्या देशात आले, तोच निश्चय अभ्यासातही मला उपयोगी पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, हेही त्यांनी सांगितले. अर्जात रडगाणे नाही आणि खुशामतही नाही. कॉलेजने आपल्याला का घ्यावे, याचे कारण आहे.

त्या वेळी महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली या होत्या. रसायनशास्त्राच्या त्या प्राध्यापक. अर्ज मंजूर झाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

हे वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, तेव्हाचे सोपे होते, एका पत्रावर प्रवेश मिळाला. आता तसे नाही हे खरे. आज परदेशात वैद्यक शिकून भारतात व्यवसाय करायचा असेल, तर जाण्यापूर्वी नीट ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा आणि किमान चौपन्न महिन्यांचा असावा लागतो. तेथे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो, आणि परत आल्यावर पुन्हा परीक्षा असते. जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी हे सगळे तपासून घ्यावे, नाहीतर पदवी हाती येते आणि दवाखान्यावर पाटी मात्र लावता येत नाही. पण आनंदीबाईंचे सोपे होते, हे काही मला पटत नाही. परकी भाषा त्या आधीच शिकल्या होत्या. ओळख नसलेल्या बाईशी तीन वर्षे पत्रांतून नाते जोडले होते. भर सभेत उभे राहून पैसा आणि पाठिंबा मिळवला होता. अर्ज एका दिवसाचा, त्याची तयारी मात्र कित्येक वर्षांची.

ऑक्टोबरपासून फिलाडेल्फियात अभ्यास सुरू झाला. तीन वर्षांचा तो काळ सुखाचा नव्हता. कडाक्याची थंडी, धुराने भरणारी शेगडी, आणि मांस न खाण्याचा नेम. तो नेम त्यांनी मोडला नाही. नऊवारीने पाय उघडे पडत म्हणून थंडीत गुजराती पद्धतीने साडी नेसायला मात्र सुरुवात केली. एवढा बदल धर्माला चालतो, असे त्यांनी आपल्यापुरते ठरवले. घटसर्प झाला, त्यातून त्या उठल्या. पण क्षयाने त्यांना गाठले होते.

तेथे त्या अगदीच एकट्या नव्हत्या. १८८५ सालच्या एका छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, आणि दमास्कसच्या, म्हणजे तुम्ही ज्याला दिमश्क म्हणता त्या शहरातल्या, सबात इस्लामबुली. पूर्वेकडच्या तीन मुली एका कॉलेजात. पुढे तिघीही डॉक्टर झाल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला होता. पदवीदानाला गोपाळराव हजर होते, पंडिता रमाबाईही हजर होत्या. राणी व्हिक्टोरियानेही अभिनंदनाचा निरोप पाठवला. त्याच वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, म्हणून पहिली कोण हा वाद काही लोक घालतात. दोघी एकाच वर्षी झाल्या, एवढे आपल्याला पुरे.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना बोलावणे धाडले. तेथल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्याकडे द्यायचे ठरले. ज्या कोल्हापुरातून आठ वर्षांपूर्वी गोपाळरावांचे पहिले पत्र अमेरिकेला गेले होते, तेच हे कोल्हापूर.

१८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या, तेव्हा त्या फार आजारी होत्या. ज्यांनी जाताना नावे ठेवली होती त्यांपैकी पुष्कळ जण आता कौतुकाने पाहायला आले. पुण्यात औषधपाणी झाले, पण गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी एकही रोगी तपासला नाही.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली आणि वर दगड उभारला. तो दगड आजही तेथे आहे. आणि आनंदीबाईंचा तो अर्ज फिलाडेल्फियात, त्यांच्या कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांत जपून ठेवला आहे.