वस्तरा, पातं आणि किंग जिलेट

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही गडबडतो. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देतोय म्हटल्यावर रूमवर हशा पिकला. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याची ओळख मला हनुवटीवरच्या जखमेतून झाली. म्हणून लिहितोच.

झालं असं की, मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजोबांनी आपला वस्तरा माझ्या हातात ठेवला. त्यांचं वय पंच्याऐंशी. उभा जन्म त्यांनी स्वतःची दाढी वस्तऱ्याने केली, पण आता हात थरथरतात. एकच अट होती: मी नीट शिकायचं आणि दिवाळीत येऊन त्यांची दाढी करायची. मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं.

हॉस्टेलच्या बेसिनसमोर पहिला प्रयोग केला आणि जे जे चुकवता येईल ते सगळं चुकवलं. गाल गरम पाण्याने भिजवला नाही, कातडी ताणली नाही, पातं जवळजवळ उभंच धरलं. गालाच्या सपाट भागावर निभावलं. हनुवटीच्या वळणावर मात्र पांढरा फेस एकदम गुलाबी झाला. संध्याकाळी रेक्टर सरांनी काळजीने विचारलं की कुठे मारामारी झाली का. दाढी करत होतो हे सांगताना मान खाली गेली.

शेवटी हॉस्टेलच्या गेटबाहेरच्या सलूनवाल्या काकांना शरण गेलो. त्यांनी आधी वस्तरा काढूनच घेतला आणि फुगवलेला फुगा हातात दिला. फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि तो फुटू न देता काढायचा. चार फुगे फुटले, पाचवा वाचला. मग एकेक गोष्ट कळत गेली. पातं गालाशी साधारण ३० अंशांत ठेवायचं. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने आधी जायचं. पातं लांबीच्या दिशेने कधीच सरकवायचं नाही, नाहीतर सुरीने काकडी चिरावी तसा गाल चिरतो. चामड्याच्या पट्ट्यावर घासताना पात्याची पाठ पुढे, धार मागे. परतवताना पाठीवरून उलटायचं, नाहीतर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. आणि पट्ट्याने भागेनासं झालं की दगड. ती तर वेगळीच विद्या.

एका रविवारी पट्ट्यावर हात चालवताना मनात आलं, की हा सगळा कुटाणा टाळावा असं सर्वांत आधी कुणाला वाटलं असेल? लायब्ररीत शोधाशोध केली आणि किंग कॅम्प जिलेट भेटला.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. तो वाढला शिकागोत. घरात वातावरण खटपटीचं. वडील आणि भाऊ सतत काहीतरी नवीन बनवण्याच्या मागे. आईने लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक १८८७ मध्ये निघालं आणि पुढे अनेक वर्षं खपत राहिलं. पण १८७१ मध्ये शिकागोला भीषण आग लागली आणि वडिलांचा धंदा त्यात गेला. सोळा-सतरा वर्षांचा किंग कामाला लागला आणि फिरता विक्रेता झाला. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे नव्हती, हे आपण नोंद घेण्यासारखं आहे.

विक्री करता करता त्याने एक-दोन पेटंटं घेतली, पण त्यांतून हाती काही लागलं नाही. १८९१ च्या सुमारास तो विल्यम पेंटर यांच्या कंपनीत लागला. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं कडेला चुण्या असलेलं पत्र्याचं झाकण आपण सगळ्यांनी दातांनी उघडायचा प्रयत्न केलाय. ते याच पेंटर यांनी शोधलेलं. झाकण एकदा उघडलं की फेकायचं आणि पुढच्या बाटलीला नवं लागायचं. पेंटर यांनी जिलेटला सल्ला दिला, की तूही असंच काहीतरी शोध, जे वापरून टाकून द्यावं लागेल आणि गिऱ्हाईक पुन्हा येईल. जिलेटने तो सल्ला डोक्यात घट्ट बसवला. म्हणे तो मुळाक्षरं घेऊन एकेका अक्षराच्या वस्तू आठवत बसायचा.

१८९५ साल. तो चाळिशीला आलेला. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधल्या घरी एका सकाळी दाढीला उभा राहिला, तर पातं बोथट. तेही पट्ट्याने सुधारण्याच्या पलीकडे. आता न्हाव्याकडे किंवा धारवाल्याकडे नेणं आलं. तिथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दाढी करते ती फक्त धार. मग तिच्यामागे एवढं जाड, घडवलेलं पोलाद कशाला? पातळ पत्र्याचं पातं घ्यावं, दोन्ही कडांना धार लावावी, दोन पट्ट्यांत दाबून धरावं आणि बोथट झालं की फेकावं!

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सुरक्षित रेझर ही कल्पना जिलेटची नव्हती. गालाला कापू नये म्हणून पुढे अडसर असलेले रेझर आधीच बाजारात होते. काम्फे बंधूंचं पेटंट १८८० चं. पण त्यांतलं पातं वस्त्र्याच्याच जातीचं, जाड. त्याला धार लावावीच लागायची. जिलेटचं नवेपण होतं ते स्वस्त, पातळ, टाकाऊ पात्यात.

आणि घोडं अडलं तेही तिथेच. पातळ पत्रा कडक करायला तापवून एकदम थंड केला की तो वाकडा होतो. आपल्या अभ्यासातलं हार्डनिंग आणि टेंपरिंग ते हेच, ज्यात माझी केटी लागली. जिलेटला धातू कळत नव्हता. त्याने जाणकारांना विचारलं, पार एमआयटीपर्यंत गेला. सगळीकडून एकच उत्तर आलं, की एवढ्या पातळ पत्र्याला अशी धार येणं शक्य नाही. यात सहा वर्षं गेली. मित्रांनी चेष्टा केली. त्याने नंतर असंही लिहिलं, की धातूशास्त्र शिकलो असतो तर नाद सोडून दिला असता.

मग भेटला विल्यम निकर्सन. हा एमआयटीत शिकलेला आणि हाताने यंत्रं बनवणारा. कडक करताना पाती वाकू नयेत याची युक्ती आणि धार लावायची यंत्रं त्याने तयार केली. १९०१ मध्ये बोस्टनला कंपनी निघाली, तीही मासळीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. निकर्सनचं नाव कंपनीला का दिलं नाही, याची एक गंमत सांगतात. इंग्रजीत निक म्हणजे छोटासा काप. रेझरच्या डबीवर तो शब्द कोण छापणार?

१९०३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, किती माल खपला असेल? ५१ रेझर आणि १६८ पाती. आपल्या हॉस्टेलच्या एका विंगला पुरेल एवढा. दुसऱ्या वर्षी मात्र ९० हजारांहून जास्त रेझर गेले. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं. रेझरची किंमत होती पाच डॉलर, त्या काळी चांगलीच महाग. जिलेटने रेझर फुकट वाटले आणि पात्यांवर पैसा केला, असं मॅनेजमेंटच्या लेक्चरला ऐकायला मिळतं. पण पेटंट होतं तोवर रेझर महागच होता. १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर तो स्वस्त झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पाती घेतली. सैनिक घरी परतले ते स्वतः दाढी करायची सवय घेऊनच.

पात्याच्या वेष्टनावर जिलेटचा फोटो असायचा, त्यामुळे त्याचा चेहरा जगभर ओळखीचा झाला. गंमत म्हणजे त्या फोटोत त्याला झुपकेदार मिशा आहेत!

पण मला हा माणूस खरा कळला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. पात्याच्या एक वर्ष आधी, १८९४ मध्ये, त्याने एक पुस्तक लिहिलं होतं. स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचं मूळ आहे, असं त्याचं म्हणणं. नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारं एकच प्रचंड शहर उभारावं, कोट्यवधी लोकांनी तिथे राहावं आणि सगळ्यांची मिळून एकच कंपनी असावी, असं त्याचं स्वप्न होतं. श्रीमंत झाल्यावरही त्याने ते सोडलं नाही. १९१० मध्ये अशाच योजनेचं अध्यक्षपद घ्यावं म्हणून त्याने माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊ केले. त्यांनी नकार दिला. स्पर्धा संपवायला निघालेला हा माणूस आयुष्यभर स्पर्धकांशी आणि स्वतःच्याच भागीदारांशी झगडत राहिला. कंपनीचा ताबा हळूहळू दुसऱ्यांकडे गेला. १९३० मध्ये ऑटोस्ट्रॉप या स्पर्धक कंपनीशी विलीनीकरण होताना हिशेबात नफा फुगवल्याचं उघड झालं. त्यात मंदी आली आणि त्याची बरीचशी संपत्ती वाहून गेली. ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात तो वारला.

हे सगळं मी सलूनमध्ये काकांना सांगितलं. ते हसले आणि कागदात गुंडाळलेलं एक पातं घेऊन मधोमध कडकन मोडलं. अर्धं त्यांनी आपल्या वस्तऱ्यात सरकवलं. तेव्हा ट्यूब पेटली. आजच्या सलूनमधल्या वस्तऱ्याला स्वतःची धार नसतेच. रोगाचा संसर्ग नको म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं पातं. ज्या न्हाव्याकडे जावं लागू नये म्हणून जिलेटने पातं काढलं, त्याच न्हाव्याच्या हातात ते जाऊन बसलंय.

दिवाळीला घरी गेलो. माझा हात बऱ्यापैकी बसला होता. स्वतःच्या गालावर सहा महिन्यांत कापल्याच्या खुणा जवळजवळ थांबल्या होत्या. आजोबा अंगणात खुर्चीवर बसले. मी फेस लावला, वस्तरा उघडला आणि त्यांच्या गालाला हात लावला. कातडी इतकी सैल आणि पातळ, की ताणली तरी बोटांतून निसटत होती. मान एकसारखी हलत होती. अशा गालावर चालवायला माझा सहा महिन्यांचा हात पुरेसा नाही, हे मला एका क्षणात कळलं.

मी वस्तरा मिटला आणि बाबांचा साधा रेझर आणला. आजोबांनी तोंड फिरवलं. एवढं शिकून आलो आणि शेवटी हेच, असं त्यांना वाटलं असणार. मला वाईट वाटलं, पण मी ऐकलं नाही. सावकाश दाढी केली, कुठेही रक्त आलं नाही. मग तुरटी फिरवली. त्यांनी गालावरून हात फिरवून पाहिला, हनुवटीच्या खाली दोनदा पाहिला आणि काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खुर्ची घेऊन अंगणात आले. एका हातात बाबांचा रेझर होता. दुसऱ्या हातातला वस्तरा त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. तुझी दाढी कर, मी बघतो, अशा अर्थाची खूण केली. मी त्यांच्यासमोर वस्तऱ्याने दाढी केली. एका ठिकाणी त्यांनी बोटाने माझा कोन सुधारला. त्यांचं बोट थरथरत होतं, पण कोन बरोबर होता.