बाबुराव अर्नाळकर : हजार रहस्यांचा धनी

चंद्रकांत सखाराम चव्हाण नावाचे एक लेखक मुंबईत होऊन गेले, असे सांगितले तर आपल्यापैकी फारच थोड्यांना बोध होईल. पण बाबुराव अर्नाळकर म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी सरसावून बसतात. ही दोन्ही नावे एकाच माणसाची.

मराठीत रहस्य नवे नव्हते. भुयारे आणि गुप्त दरवाजे यांची मोहिनी गो. ना. दातारशास्त्र्यांनी आधीच घातली होती. बाबुरावांनी रहस्य भुयारातून काढले आणि मुंबईच्या रस्त्यावर, मोटारीत, टेलिफोनवर आणून सोडले. धनंजय व त्याचा साथीदार छोटू, काळापहाड, झुंजार आणि त्याची धाडसी पत्नी विजया ही मंडळी घराघरांत पाहुण्यांसारखी वावरू लागली. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्याची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथात झाली. हिशेब करून पाहिला, तर महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके पडतात! आम्हाला एक ट्यूटोरियल लिहायला पंधरवडा पुरत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत खासगी गुप्तहेराची एक वेगळीच जात जन्मली होती. पिंकर्टन एजन्सीत स्वतः हेरगिरीची नोकरी केलेल्या डॅशिएल हॅमेटने १९३० साली ‘द माल्टीज फाल्कन’मधून सॅम स्पेड पुढे आणला. हा रोखठोक, पैसे घेऊन काम करणारा, कोणावरही भरवसा न ठेवणारा माणूस. गुन्हेगार सापडला तरी त्याचे शहर सडकेच राहते. बाबुरावांच्या कित्येक कथांची मुळे इंग्रजीत असली तरी हा कडवटपणा त्यांनी घेतला नाही. त्यांचा झुंजार रुबाबदार, हसतमुख. कायदा बाजूला ठेवील, पण दुष्टाला सोडणार नाही. शेवटच्या पानावर हिशेब चुकता झालाच पाहिजे. महायुद्ध, रेशन, महागाई यांनी गांजलेल्या वाचकाला तेवढा तरी न्याय हवा होता, असे मला वाटते.

टीकाकारांनी मात्र त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. भाषा घाईची, योगायोग फार, पात्रे एकाच साच्यातली, हे आक्षेप खोटे नाहीत. पण आमचे आबा चौथी शिकलेले, रेल्वेत गँगमन. बडनेऱ्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या फाटक्या अर्नाळकरांवर त्यांचे अक्षर पक्के झाले. जोडाक्षरावर अडले तरी पुढे काय झाले या ओढीने ते कंदिलाशी बसून वाचत. पुढे त्याच सवयीने ते वर्तमानपत्र वाचू लागले, पगाराच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करू लागले आणि मला शाळेत घालताना फॉर्मही त्यांनीच भरला. असे वाचक महाराष्ट्रात किती असतील! वाङ्मयेतिहासाच्या तासाला मी बाबुरावांचे नाव येण्याची वाट पाहिली. ते आले नाही. ज्यांनी वाचक घडविला त्यांना वाङ्मयाच्या इतिहासात एक परिच्छेदही नसावा काय?

त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. वाचकवर्ग तयारच होता. १९९६ साली बाबुराव वारले. त्यानंतर त्यांच्या काही निवडक कथा नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा छापल्या गेल्या. त्यातले एक पुस्तक मी आबांना दाखविले. कागद फारच गुळगुळीत आहे, असे म्हणून त्यांनी ते उशाशी ठेवून घेतले. अजून परत दिलेले नाही.