वसईचा दुभाषी

आपल्या सोलापुरात हुतात्मा म्हटले की चार नावे ओठांवर येतात. मला आज आणखी एक नाव सांगायचे आहे: संत गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत.

जन्म वसईचा, १५५६ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. कोवळ्या वयात जेझुइट मिशनऱ्यांबरोबर ते जपानला गेले, तिथली भाषा अस्खलित बोलू लागले. पण त्या संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग मकावला व्यापार केला, पैसाही मिळवला. तो सोडून मनिलात ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. धर्मगुरू कधीच झाले नाहीत, हे मला विशेष वाटते. १५९३ मध्ये त्यांना जपानला नेले ते दुभाषी म्हणून. फादर पेद्रो बाप्तिस्तांचे म्हणणे सत्ताधीश हिदेयोशीला कळे ते गोन्सालोंच्या तोंडून. (भाषेच्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत १२ वर्षांचा एक जपानी मुलगाही होता.

संतपद मिळाले १८६२ मध्ये. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.