त्यागराजांच्या समाधीला वैभव देणाऱ्या विद्यासुंदरी बंगळूर नागरत्नम्मा

तमिळनाडूत तंजावरजवळ कावेरीच्या काठी तिरुवैयारु नावाचे लहानसे गाव आहे. थोर संत-संगीतकार त्यागराज यांची समाधी येथे असून दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त आराधना महोत्सव भरतो. देशभरातून आलेले गायक-गायिका समाधीसमोर एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती गातात. या समाधीसमोर हात जोडून बसलेल्या एका स्त्रीची मूर्तीही येथे पाहावयास मिळते. ही मूर्ती कर्नाटक संगीतातील विख्यात गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांची आहे. समाधीचे आजचे स्वरूप आणि महोत्सवातील स्त्रियांचा सहभाग या दोन्ही गोष्टींचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

नागरत्नम्मा यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८७८ रोजी म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे देवदासी परंपरेतील घराण्यात झाला. त्यांच्या आई पुट्टलक्ष्मी यांना वडिलांचा आधार लाभला नाही. मात्र मुलीच्या शिक्षणात त्यांनी कोणतीही उणीव राहू दिली नाही. नागरत्नम्मा यांनी लहानपणीच संस्कृतचे धडे घेतले. कन्नड व तेलुगू भाषांवर प्रभुत्व मिळविले आणि संगीताबरोबरच नृत्याचेही शिक्षण घेतले. त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील मुनिस्वामप्पा यांच्याकडे त्यांचे संगीताचे अध्ययन झाले. त्यामुळे त्यागराजांच्या रचनांशी त्यांचे नाते बालवयातच जुळले.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी रसिकांसमोर कला सादर केली. म्हैसूरच्या राजदरबारात त्यांना मान मिळाला. त्यानंतर बंगळूर आणि पुढे मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, ही त्यांची कर्मभूमी ठरली. मद्रासमधील जॉर्ज टाउन भागात त्या काळी अनेक नामवंत कलावंतांचे वास्तव्य होते. विख्यात वीणावादक वीणा धनम्माळ याही याच भागात राहत. नागरत्नम्मा यांनी येथे स्वतःचे घर घेतले. दक्षिण भारतातील अनेक संस्थानांत व शहरांत त्यांच्या मैफली होऊ लागल्या. मद्रासमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंत म्हणूनही त्यांचा उल्लेख केला जातो.

गायनाप्रमाणेच साहित्यातही त्यांना गती होती. अठराव्या शतकातील तेलुगू कवयित्री मुद्दुपळनी यांचे ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य त्यांच्या वाचनात आले. मुद्दुपळनी या तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह भोसले यांच्या दरबारातील विदुषी होत्या. छत्रपती शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापन केलेल्या या राजघराण्याने तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी या भाषांतील साहित्याला उदार आश्रय दिला होता. या काव्यात रुसलेल्या राधेची श्रीकृष्णाने केलेली मनधरणी वर्णिलेली आहे. पूर्वी छापल्या गेलेल्या प्रतीत अनेक पद्ये गाळण्यात आली होती. कवयित्रीने आपल्या आजीचा व आत्याचा परिचय करून दिलेला भागही त्यात नव्हता. नागरत्नम्मा यांनी मूळ हस्तलिखित मिळवून संपूर्ण काव्य संपादित केले आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशन संस्थेतर्फे ते प्रसिद्ध झाले.

स्त्रीने शृंगाराचे इतके मोकळे वर्णन करावे, ही गोष्ट त्या काळातील अनेक विद्वानांना रुचली नाही. पुरुष कवींच्या तशाच रचनांना मात्र अभिजात म्हणून मान्यता होती. नागरत्नम्मा यांनी ही विसंगती निर्भीडपणे दाखवून दिली. तथापि ब्रिटिश सरकारने ग्रंथ अश्लील ठरवून त्याच्या प्रती जप्त केल्या व त्यावर बंदी घातली. मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री टंगुटूरी प्रकाशम यांच्या कारकिर्दीत, १९४७ मध्ये, ही बंदी उठविण्यात आली.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९२१ मध्ये. तिरुवैयारु येथील त्यागराजांची समाधी दुर्लक्षित अवस्थेत असल्याचे म्हैसूरचे ज्येष्ठ गायक बिडारम कृष्णप्पा यांनी त्यांना कळविले. त्या तातडीने तेथे गेल्या. समाधीच्या परिसरातील जागा मिळवून त्यांनी मंदिराची उभारणी सुरू केली आणि त्यासाठी मैफलींतून मिळविलेली संपत्ती खर्च केली. जानेवारी १९२६ मध्ये त्यागराजांच्या मूर्तीची विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली.

मात्र मंदिर उभारणाऱ्या या गायिकेलाच आराधना महोत्सवात गाण्याची मुभा नव्हती. त्या वेळी महोत्सव दोन गटांकडून साजरा होत असे आणि दोन्ही गटांत स्त्रियांच्या गायनास मनाई होती. नागरत्नम्मा यांनी १९२७ मध्ये स्त्री-कलावंतांचा स्वतंत्र गट स्थापन केला आणि समाधीच्या मागील बाजूस त्यांचा उत्सव सुरू केला. अनेक गायिकांनी तेथे हजेरी लावली. अखेर १९४० च्या सुमारास तिन्ही गट एकत्र आले व स्त्रियांना समान स्थान मिळाले.

देवदासी प्रथेविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी पुढाकार घेतलेल्या कायद्याला मात्र नागरत्नम्मा यांनी विरोध केला. आपल्या समाजातील स्त्रिया परंपरेने कलावंत असून त्यांना मालमत्तेचा हक्क आहे, तो या कायद्यामुळे धोक्यात येईल, अशी त्यांची भूमिका होती. मुलींच्या आयुष्याची होणारी हानी थांबविणे हे सुधारकांचे उद्दिष्ट होते. अखेर १९४७ मध्ये मद्रास प्रांतात मुलींना देवाला वाहण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला.

उत्तरायुष्यात नागरत्नम्मा मद्रास सोडून तिरुवैयारु येथेच स्थायिक झाल्या. आपली मालमत्ता त्यांनी समाधीच्या व्यवस्थेसाठी ठेवली. तेथे उपासना व गायन करण्याचा देवदासींसह सर्व स्त्रियांचा हक्क अबाधित राहावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. १९ मे १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यागराजांच्या समाधीजवळच त्यांचे स्मारक उभारण्यात आले असून, एकेकाळी स्त्रियांना मज्जाव असलेल्या त्या प्रांगणात गायिकांचे स्वर आज दरवर्षी निनादत असतात.