हळदोण्याचे आंतोनियो वाझ

‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ सालीं निघाला. त्यांतील गाणीं ज्यांस ठाऊक नाहींत अशीं वडीलधारीं माणसें आपल्या वांगणींत क्वचितच सांपडतील. भगवानदादांचा तो डुलता नाच आणि सी. रामचंद्र यांच्या चाली महाराष्ट्रांत घरोघर पोंचल्या. परंतु त्या चालींच्या पाठीमागें जें ट्रंपेट खणखणतें तें वाजविणारा कोण, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. तो आपलाच एक धर्मबंधु होता.

आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ सालीं गोव्यांतील हळदोणें गांवीं झाला. त्या काळीं तेथील ख्रिस्तमंदिरांस जोडून संगीताच्या शाळा असत. उपासनेकरितां गायक-वादक तयार व्हावेत म्हणून मेस्त मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकवी. गांवांत पोट भरण्याचें साधन थोडें. तेव्हां हीच विद्या गांठीं बांधून कितीएक तरुण मुंबईस आले. आंतोनियोनें यंत्रकाम शिकून नेटकी मिळकत करावी अशी आईची इच्छा होती. त्या माउलीस कोण दोष देईल? मुलाचें मन मात्र ट्रंपेटवर जडलें होतें.

मुंबईंत ते ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्धीस आले. अमेरिकेंतील लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचें दैवत. वाजविण्याची ढब व घोगरा आवाजहि त्यांचाच घेतलेला, म्हणून लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. ताजमहाल हॉटेलांत त्यांचा अकरा जणांचा ताफा वाजत असे. पुढें १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें नाचघरांची रया गेली, आणि वादकांचे पाय अधिकाधिक चित्रपटांकडे वळले.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे चिक हे साहाय्यक झाले. चाल पेटीवर सुचे. पण मोठ्या ताफ्याकडून ती एकजीव वाजवून घ्यावयाची तर प्रत्येक वादकाचा भाग कागदावर लिहिला पाहिजे. मेस्ताच्या शाळेंत शिकलेल्या गोवेकरांस तें साधे. ‘अलबेला’च्या एका गाण्यांत झालरीचे सदरे घातलेला चिक यांचा ताफा पडद्यावर दिसतोहि. त्याच वर्षीं ‘नादान’ चित्रपटास त्यांनीं स्वतंत्रपणें संगीत दिलें. त्यांतील तलत महमूद यांचें एक गाणें रसिक अजून आठवतात. मदनमोहन यांच्याकडेहि त्यांनीं साहाय्यक म्हणून काम केलें.

याच काळांत अमेरिकेंत फ्रँक सिनात्रा गाजत होते. तेहि स्थलांतरित कॅथॉलिक घरांतले, इटालियन आईबापांचे पुत्र, जन्म १९१५ चा. टॉमी डॉर्सी यांच्या ताफ्यापुढें उभे राहून ते गाऊं लागले आणि जगभर नांव झालें. ताफ्याच्या पुढें उभा राहतो त्याचें नांव होतें. मागें बसणाराचें होत नाहीं. आपल्याकडे चित्रपटाच्या नामावलींत संगीतदिग्दर्शकाचें नांव झळके, वाद्यमेळ रचणारे व वाजविणारे बहुतेक अनामिकच राहात. ती त्या धंद्याची रीत होती, हें खरें. तरी ती न्यायाची होती असें आम्हांस वाटत नाहीं.

चिक चॉकलेट १९६७ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच निवर्तले. ‘अलबेला’चीं गाणीं पुन्हां कधीं लागलीं, तर गाणाराच्या आवाजावरून क्षणभर कान काढून मागील पितळी सुरांकडे द्यावा.