सांतियागो रामोन इ काहाल : चित्रवेडा मेंदूशास्त्रज्ञ

वहीत चित्रं काढत बसणाऱ्या मुलाला आपण लगेच रागावतो ना? काहाल हा असाच एक मुलगा.

त्यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या एका खेड्यात झाला. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. डॉक्टर वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी मुलाला न्हाव्याकडे, मग मोच्याकडे कामाला ठेवलं. शेवटी त्यांनीच त्याला हाडांची चित्रं काढायला लावून शरीरशास्त्र शिकवलं. चित्रांच्या वाटेनंच तो डॉक्टर झाला.

मेंदू म्हणजे एकसंध जाळं, असं तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानत. गोल्जी यांच्या पद्धतीनं पेशी रंगवून काहाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि चित्रं काढत. १८८८ मध्ये त्यांनी मांडलं, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. पेशी जवळ येतात, पण एकजीव होत नाहीत. या सांध्याला पुढे ‘सिनॅप्स’ नाव मिळालं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गोल्जींना हे कधीच पटलं नाही.

सरावानं पेशींमधले हे दुवे वाढत असावेत, असंही काहाल यांनी सुचवलं होतं. १९३४ मध्ये ते वारले. पुढे कितीतरी वर्षांनी एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत समुद्री गोगलगायीच्या चेतापेशींना सेरोटोनिन दिलं गेलं. एकदाच दिलं, तर परिणाम काही मिनिटांत ओसरला. पुन्हा पुन्हा दिलं, तेव्हा मात्र नवे सिनॅप्स खरंच तयार झाले!

उजळणी करून घेताना हे आठवा. आणि हो, वहीतली चित्रं खोडू नका.