दादासाहेब फाळके आणि आमची पीडीएफ

यवतमाळच्या आमच्या होस्टेलवर मॅगझिनची पीडीएफ करताना मी एक छोटा फोटो पानभर ताणला आणि तो पार फुटला! नुसते चौकोन. पेपरातला फोटो भिंगाखाली असाच ठिपक्यांचा दिसतो. असे छपाईचे ठिपके पाडणारे एक मोठे नाव म्हणजे दादासाहेब फाळके. मी कॉन्व्हेंटची, त्यांना फक्त सिनेमावालेच समजत होते.

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके जे. जे. स्कूल आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे ते फोटोंवरून छपाईचे ब्लॉक करू लागले. जाळीतून फोटोचे ठिपके व्हायचे. ठिपका मोठा तर भाग गडद. प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. नंतर भागीदारांशी पटलं नाही, छापखाना सुटला. तरी खचले नाहीत. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. १९४४ साली नाशिकला वारले.

पीडीएफमध्येही हेच. आधी रुंदी, उंची, रंगपद्धत; मग ठिपक्यांचे आकडे. १६०० × १२०० ठिपके, प्रत्येकी तीन रंग, म्हणजे ५७.६ लाख बाइट. ते जेपीईजीने दाबून ठेवतात. पण पानावर कितीही ताणा, नसलेला ठिपका येत नाही. तेव्हा पुढच्या अंकाला मूळ फोटोच द्या हं!